जुन्या लॅपटॉपवर सेज की मॅक्सिमा?

घरात कोअर टू ड्युओ प्रोसेसरवाला लॅपटॉप पडून आहे, रॅम २ जीबी, त्यावर हलकं लिनक्स टाकून झालंय आणि आता गणितासाठी काहीतरी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हवंय. इथवर आलेल्या माणसापुढे बहुधा दोन नावं येतात, सेजमॅथ आणि मॅक्सिमा. नाशकात गंगापूर रोडला मी बारावी आणि बीएस्सीच्या मुलांना गणित शिकवतो. गेल्या वर्षी मलाही यातलं एक निवडायचं होतं. दोन्ही एकाच लॅपटॉपवर वापरून पाहिली, मग ठरवलं.

आधी सेजचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच खूप आहे. २००५ साली विल्यम स्टाइन यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पानं पारी, गॅप, मॅक्सिमा अशी कितीतरी स्वतंत्र सॉफ्टवेअर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एका छपराखाली आणली. पायथॉन येत असेल तर नवी भाषा शिकावी लागत नाही. देवळालीच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेल्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ मी दरवर्षी मुलांकडून करून घेतो. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करायची, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. सेजमध्ये मुलं हा प्रोग्रॅम आपला आपण लिहितात. मध्येच ९९९ आला तर तो ०९९९ धरायचा, एवढंच आठवण करून द्यावं लागतं. मॅक्सिमात मात्र तीच मुलं अडखळतात. किंमत द्यायला बरोबरचं चिन्ह चालत नाही, कोलन लागतो, आणि प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम. ही सवय व्हायला आठवडा तरी जातो.

एवढं असूनही माझं मन सेजवरून उठलं, ते एका गोष्टीमुळे. तयार बायनरी, म्हणजे दुसरीकडे आधीच बांधून ठेवलेला प्रोग्रॅम, उतरवली, सेज चालू झालं. बेरजा, अवयव, एखादा आलेख, सगळं सुरळीत. मी समजलो, इन्स्टॉलेशन झालं. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीला मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढून दाखवायला घेतला आणि सेज जागच्या जागी बंद पडलं. पडद्यावर ‘अनहँडल्ड सिगिल’, आणि खाली असं की बहुधा एखाद्या कंपाइल केलेल्या मॉड्यूलमध्ये बग आहे, पायथॉन आता बंद होईल. त्या तासात केलेलं सगळं गेलं. त्या ओळीवर विश्वास ठेवून मी दोन दिवस बग शोधला, आवृत्त्या बदलल्या. बग नव्हताच. ती बायनरी बांधली होती नव्या मशिनवर, आणि तिथल्या प्रोसेसरच्या सूचना तिच्यात जशाच्या तशा आल्या होत्या. त्यांतल्या एव्हीएक्स नावाच्या सूचना इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आल्या २०११ साली. कोअर टू ड्युओला त्या कळत नाहीत, ‘सिगिल’चा अर्थ तोच. ज्या आज्ञेला त्या लागत नाहीत ती चालते, लागतात तिथे सेज कोसळतं. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ (lscpu) देऊन फ्लॅग्जच्या ओळीत एव्हीएक्स आहे का, हे तुम्ही काहीही उतरवण्याआधी पाहा.

उपाय आहे. सोर्स कोड आणून आपल्याच मशिनवर सेज बांधायचं. मी बांधलं. दोन कामं एकदम लावली तर रॅम संपली, म्हणून एकेक लावलं. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, मध्ये वीजही गेली. पण बांधणीची ‘मेक’ ही आज्ञा पुन्हा दिली की तयार झालेली पॅकेजेस सोडून ते पुढे जातं, हे फार चांगलं आहे. शेवटी इन्व्हर्स निघाला. तरीही शिकवताना एखादी आज्ञा देण्याआधी हात थबकायचा, ही चालेल ना म्हणून.

मॅक्सिमाचं मूळ एमआयटीत १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘मॅकसिमा’त (Macsyma) आहे. विल्यम शेल्टर यांनी ते १९८२पासून सांभाळलं आणि १९९८मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं करायची परवानगी मिळवली. लिनक्सच्या ‘ॲप्ट’ या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आज्ञेनं मॅक्सिमा चहा होईपर्यंत बसलं. अडचण एकच आली. आज्ञा लिहायची डब्ल्यूएक्समॅक्सिमाची खिडकी आणि आतलं हिशेब करणारं मॅक्सिमा हे दोन वेगळे प्रोग्रॅम, एकमेकांशी नेटवर्क पोर्टमधून बोलणारे. फायरवॉलनं ती वाट अडवली की खिडकी उघडते, उत्तर येत नाही. फायरवॉलमध्ये परवानगी दिली, काम झालं.

आणि शिक्षक म्हणून मला भावलं ते वेगळंच. एक्सच्या एनव्या घाताचं इंटिग्रेशन मागितलं की मॅक्सिमा आधी विचारतं, एन उणे एक आहे का? बारावीच्या वर्गात मी नेमका हाच प्रश्न विचारतो. सेजही आतून हे काम मॅक्सिमाकडेच देतं, पण तिथे हाच प्रश्न एका लांबलचक एररच्या शेवटी येतो आणि ‘अज्यूम’ (अमुक गृहीत धर) लिहून पुन्हा सुरुवात करावी लागते.

एलिप्टिक कर्व्ह किंवा ग्राफ थिअरी करायची असेल तर अर्थात सेजच हवं, माझा आग्रह नाही. पण नेट असेल तर ते ब्राउझरमधल्या सेजमॅथसेलवर चालवा, जुन्या लॅपटॉपवर बांधत बसू नका. नुसती नंबर थिअरीतली गणितं असतील तर एकटं पारी-जीपी या लॅपटॉपवर सहज चालतं. सेज मी अजून काढलेलं नाही. मुलं समोर बसली की उघडतो ते मॅक्सिमा.