मार्चमध्ये बंद असलेला घाट विकणारे टूरवाले: पैसे भरण्याआधी हे तपासा

शिगम्याला लागून सुट्ट्या मिळतात, म्हणून गोव्यात मार्चच्या सहलींची विक्री दिवाळी उलटली की सुरू होते. यंदा डिचोलीतल्या चौदा जणांच्या एका गटाला ‘वाळू आणि बर्फ: जैसलमेर, मनाली, स्पिती, १० रात्री’ अशी सहल माणशी ३८,५०० रुपयांना विकली गेली. ६० टक्के आगाऊ, म्हणजे माणशी २३,१०० रुपये, नोव्हेंबरातच घेतले. गट स्पितीला पोचलाच नाही आणि पोचणारही नव्हता. ते विकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार, कारण सहलीच्या कार्यक्रमाचा त्याचाच कागद तसं सांगतो.

कागदावर सहाव्या दिवसासमोर लिहिलं होतं: ‘मनाली – रोहतांग – कुंझुम – चंद्रताल – काझा. मुक्काम काझा.’ ही ओळ नीट वाचा; काझा हे स्पितीचं मुख्य गाव. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे. हिवाळ्यात ती बंद होते आणि पर्यटकांसाठी साधारण मे महिन्यात उघडते. कुंझुम त्याहून उंच, ४,५०० मीटरच्या वर. ती मे अखेर किंवा जूनपर्यंत बर्फाखाली असते. चंद्रतालचा रस्ताही त्यानंतरच मोकळा होतो. म्हणजे मार्चमध्ये त्या एका ओळीतली तीन ठिकाणं गाठता येत नाहीत आणि चौथ्या ठिकाणी त्या बाजूने जाता येत नाही. शिवाय समुद्रसपाटीवरून आलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसांना २,००० मीटरवरच्या मनालीतून एका दिवसात ४,५०० मीटरची खिंड ओलांडायला लावणं हा तब्येतीशी खेळ आहे. वाटेत ज्याला डोकेदुखी, उलट्या, धाप सुरू होईल त्याला तिथून लगेच खाली आणायची सोय नसते.

मनालीत पोचल्यावर ड्रायव्हरने सांगितलं, ‘बर्फ पडलाय, रस्ता बंद.’ मग कागदाच्या मागची बारीक ओळ पुढे आली: ‘नैसर्गिक कारणाने कार्यक्रम बदलल्यास रक्कम परत मिळणार नाही.’ सगळी फसवणूक या ओळीवर उभी आहे. दरवर्षी ठरलेल्या काळात बंद असणारा रस्ता ही आपत्ती नव्हे. आदल्या रात्री दरड कोसळली तर ते नैसर्गिक कारण. महिनोन्‌महिने बंद असलेला घाट नोव्हेंबरात विकणं ही खोटी जाहिरात आहे.

त्यावर गटाकडून ‘रोहतांग परमिट’ म्हणून माणशी १,५०० रुपये आणखी घेतले. रोहतांगचा परवाना माणशी नसतो, गाडीमागे असतो. तो ऑनलाइन निघतो, ५०० रुपये आणि वर ५० रुपये गर्दीशुल्क, आणि खिंड बंद असताना तो मिळतच नाही. या गटाला प्रत्यक्षात नेलं ते अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला. ९.०२ किलोमीटरच्या त्या बोगद्यातून जायला रोहतांगचा परवाना लागत नाही.

मार्चमध्ये काझाला जाता येतं, पण शिमल्याकडून: रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, मग काझा. शिमल्यापासून चारशे किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि वाटेत निदान दोन मुक्काम हवेत, म्हणजे शरीर उंचीला सरावतं. तिथे त्या दिवसांत नळ गोठलेले असतात, बादलीभर गरम पाणी मिळतं, बरीच हॉटेलं बंद असतात आणि होमस्टेवर भिस्त ठेवावी लागते. गोव्यातून निघून परत येईपर्यंत यालाच नऊ-दहा दिवस जातात. त्यात जैसलमेर बसतच नाही. जो टूरवाला ‘दोन्ही करून देतो’ म्हणतो, त्याला जैसलमेर ते मनाली प्रवासाचे तास लिहून मागा. दिल्लीमार्गे हे अंतर १,३०० किलोमीटरच्या आसपास भरतं: एक रात्र रेल्वेत, दुसरी बसमध्ये. या गटाच्या ‘१० रात्रीं’मधल्या चार रात्री चाकांवर गेल्या, तरी हिशेबात त्या मुक्काम म्हणूनच धरल्या होत्या.

वाळवंटाचा भाग तुलनेने बरा झाला. पण ‘मरु महोत्सवासह’ असं छापलं होतं, आणि तो उत्सव माघी पौर्णिमेच्या सुमारास होतो, मार्चच्या मध्यात नाही. समच्या वाळूच्या टेकड्या जैसलमेरपासून ४० किलोमीटरवर आहेत. तंबूचा फोटो टेकडीच्या पायथ्याचा दाखवतात आणि प्रत्यक्ष तंबू रस्त्याकडेला निघतो. तंबूच्या जागेचं लोकेशन आधी मागून घ्या. उंटाची फेरी दरात आहे की वेगळी, तेही लिहून घ्या.

आता तिकिटं. नोव्हेंबरात ‘मडगाव – दिल्ली कन्फर्म’ म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो आला होता. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे मार्चच्या मध्याचं साधं आरक्षित तिकीट नोव्हेंबरात कुणाच्याही हातात असू शकत नाही. दहा आकडी पीएनआर १३९ वर किंवा रेल्वेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. संपूर्ण वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि परतावा ज्याने बुकिंग केलं त्याच्या खात्यात जातो, तुमच्या नव्हे. विमानाचा पीएनआर कंपनीच्या संकेतस्थळावर आडनावासह तपासा, आणि गोव्यातला विमानतळ दाबोळी की मोपा ते जरूर बघा: काणकोणच्या माणसाला मोपा म्हणजे शंभर किलोमीटरहून लांबची टॅक्सी, आणि ती दरात धरलेली नसते.

पैसे मागताना भाषा गोड असते: ‘काकी, उद्या भाव वाढतात, आज पाच हजार तरी टाका.’ आधी पावती मागा. पावतीवरच्या जीएसटी क्रमांकात १५ अक्षरं-आकडे असतात; गोव्यात नोंदलेल्याचा ३० ने सुरू होतो. सुरुवातीपासून आकड्यांसह मोजून सहावं अक्षर पी असेल तर नोंद एका व्यक्तीच्या नावावर, सी असेल तर कंपनीच्या. कागदावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहावं अक्षर पी, तर तिथेच थांबा. क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. यूपीआयवर येणारं नाव त्याच्याशी जुळलं पाहिजे. डिचोलीच्या गटाचे पैसे भलत्याच माणसाच्या बचत खात्यात गेले होते. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार गोव्यात ट्रॅव्हल एजंटने पर्यटन खात्याकडे नोंदणी करणं बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि पणजीत पाटो येथील पर्यटन भवनात विचारून खात्री करा. हॉटेलला स्वतः फोन लावून आपल्या नावाने खोली आहे का ते विचारा. ‘किंवा त्याच दर्जाचे’ हे शब्द कागदावरून काढून घ्या.

फसल्यावर, पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा; उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. सेवेबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर, आणि दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते, मुदत दोन वर्षांची, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. प्रत्येकाने आपली वेगळी पावती जपावी, कारण एकाच्या नावावर सगळ्यांचे पैसे दाखवले की बाकीच्यांना आधी आपण ग्राहक असल्याचंच सिद्ध करत बसावं लागतं.

पुराव्यात सगळ्यांत वजनदार कागद रस्त्याचा आहे. लाहौल-स्पिती पोलीस रस्त्यांची स्थिती समाजमाध्यमांवर देत असतात. पैसे भरल्याच्या तारखेची आणि प्रवासाच्या तारखेची, अशा दोन्ही दिवसांच्या नोंदी छापून तक्रारीला जोडा आणि शेजारी सहाव्या दिवसाची ती ओळ ठेवा.