चिंचवडचा संध्याकाळचा इंग्रजी क्लास: तीन महिन्यांचा अनुभव

मी भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला आहे, टर्निंगचे, म्हणजे लेथवर कातलेले, पार्ट तपासतो. वय 47. बार्शी तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलो, दहावी 1994ची. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. आम्हाला ए बी सी डी पाचवीत भेटली आणि फळ्यावरच राहिली. या क्लासची जानेवारी ते मार्चची बॅच मी पूर्ण केली. आठवड्यातून तीन दिवस, साडेसात ते नऊ, फी साडेसहा हजार. कंपनीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

याआधी दुसरीकडे एक क्लास केला होता. महिन्याभरात फाडफाड इंग्रजी, असं सांगून त्यांनी बारा काळांचे तक्ते वहीत उतरवून घेतले. ते तक्ते मला आजही पाठ आहेत. पण कंपनीत परदेशी कस्टमरचं ऑडिट आलं, पाहुण्यांनी माझ्या टेबलाशी थांबून मलाच विचारलं की हे माप कसं तपासता, आणि मी शब्द जुळवेपर्यंत शेजारच्या नव्या इंजिनिअरने उत्तर देऊन टाकलं. तेही चुकीचं. काम माझं, 22 वर्षांचं, आणि मी नुसता उभा. फार लागलं ते मनाला.

इथल्या मॅडमनी फी घ्यायच्या आधीच स्पष्ट सांगितलं की 54 तासांत कुणी फाडफाड बोलत नाही. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजानुसार अगदी सुरुवातीपासून ए2 पातळी, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरतं इंग्रजी, गाठायला 180 ते 200 तासांची शिकवणी लागते आणि त्याच्या पुढची बी1 पातळी गाठायला एकूण 350 ते 400. म्हणाल्या, 'तुमच्या कामापुरतं तोंड उघडेल, एवढं मी बघते.' मला हे पटलं. मग प्रत्येकाला आपल्या कामातली एकेक वस्तू आणायला सांगितली.

मी रीतसर गेटपास करून स्क्रॅपमधले पाच बुश, म्हणजे धातूचे छोटे पोकळ नळीसारखे पार्ट, नेले. मॅडमनी ते टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाल्या, 'गिव्ह मी अ बुश.' मी हाताला लागला तो दिला. तो परत ठेवून म्हणाल्या, 'गिव्ह मी द बुश.' मी हात पुढे केला आणि थांबलो. कुठला? 'अहो, हा जो प्रश्न पडला ना तुम्हाला, तोच द,' मॅडम म्हणाल्या. मग, 'द बुश विथ अ बर.' पाचांत एकाच्याच कडेला बर, म्हणजे कातताना राहिलेली धातूची धारदार कुसळ, राहिली होती. तो मी लगेच उचलला. मराठीत आपण 'तो बुश दे' म्हणतो, नाहीतर नुसतं 'बुश दे' म्हणून बोट दाखवतो. वेगळा शब्द लागत नाही, म्हणून इंग्रजीत आपल्याकडून 'द' एकतर गळतो नाहीतर नको तिथे पडतो. सहा वर्षं गाळलेल्या जागा भरून जे कळलं नव्हतं, ते त्या टेबलावर दहा मिनिटांत कळलं.

उच्चारांचंही तसंच. रिजेक्ट हा शब्द मी दिवसातून पन्नासदा बोलतो. काढून टाकलेला पार्ट म्हणायचा असेल तर जोर 'री'वर आणि काढून टाकायची क्रिया असेल तर 'जेक्ट'वर, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. 'वेल्ड'ला ओठांचा चंबू. 'व्हॉल्व्ह'ला वरचे दात खालच्या ओठावर, सुरुवातीला आणि शेवटीही. पार्लर चालवणाऱ्या एक ताई वर्गात होत्या, त्यांनी आपला हातातला आरसा आणला आणि तो सगळ्यांकडे फिरला. रिक्षावाले दादा घरी जाताना रिक्षाच्या आरशात बघून म्हणायचे.

बोलताना मॅडम मध्येच तोडत नाहीत. चुका कागदावर टिपतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत, कुणाचंही नाव न घेता, फळ्यावर घेतात. 'फीव्हर केम टू मी' हे माझं वाक्य. त्याखाली त्यांनी 'मला ताप आला' लिहिलं. मराठीत ताप आपल्याकडे येतो, इंग्रजीत तो आपल्याजवळ असतो, 'आय हॅव अ फीव्हर'. शिकवणाऱ्याला आपली भाषा येत असली की चूक कुठून आली ते सापडतं. मला याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं.

आता जे खटकलं ते. दुसऱ्या महिन्यात न विचारता दोन बॅच एकत्र केल्या, नऊचे सतरा झालो. तासात बोलायची पाळी एकदाच येऊ लागली. हे बरोबर नाही, पैसे आम्ही बोलण्याचेच भरले होते. ऐकायला लावतात ते ऑडिओ संथ आणि स्वच्छ. आमचे कस्टमर कोरियन आणि जर्मन, त्यांचं इंग्रजी कानाला वेगळंच लागतं. ईमेल लिहिण्याचा सराव जवळजवळ नाही. आणि जिना तीन मजल्यांचा, लिफ्ट नाही. गुडघे दुखणारे एक काका दोन आठवड्यांत यायचे थांबले. चांगले बोलू लागले होते.

मार्चअखेर एका रिजेक्शनवर कस्टमरशी व्हिडिओ कॉल होता. पहिलं वाक्य मला कळलंच नाही. मी म्हणालो, 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?' पुन्हा विचारायच्या अशा चार तऱ्हा वर्गात रोज घोकून घेतल्या होत्या. ते हळू बोलले. मग मी बुश कॅमेऱ्यासमोर धरून सांगितलं, 'वी चेंज्ड द इन्सर्ट. आफ्टर दॅट, नो बर.' इन्सर्ट म्हणजे मशीनच्या टूलचा कापणारा तुकडा. इंजिनिअर शेजारीच बसला होता, त्याला बोलावं लागलं नाही.

शिफ्टवाल्यांसाठी: सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तिन्ही तास बुडतात. त्या आठवड्याचं मॅडम रविवारी सकाळी तासभर थांबून करून घेतात, वेगळे पैसे घेत नाहीत. पुढच्या पातळीला मी नाव घातलंय. बॅच बारा जणांच्या वर नेणार नाही, एवढं मात्र पावतीवर लिहून घेतलंय.