मॅन बेटावरची आडनावे आणि एक सशुल्क शोधसेवा

आमच्या सूनबाईंचे आजोळ ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रातील मॅन बेटावरचे आहे. तिकडची वंशावळ जुळवण्यासाठी मी कौटुंबिक नोंदींच्या एका परदेशी संकेतस्थळाची वर्गणी भरली. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. बेटावर जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सक्तीची झाली ती १८७८ साली, त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी १७ पॅरिशांमधील (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला विभाग) बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्यांवरच मुख्यतः भिस्त ठेवावी लागते. या वह्यांची छायाचित्रे सेवेत सुवाच्य आहेत, याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती आडनावांच्या शोधाबद्दल. सोळाव्या शतकाच्या आरंभी बेटावरील बहुतेक आडनावांच्या आधी ‘मॅक’ (म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’) लागत असे. पुढच्या शंभरएक वर्षांत ते लेखनातून जवळजवळ गेले, पण जाताना त्यातला ‘क’ पुढच्या नावाला चिकटला आणि मॅकविल्यमचे क्विलियम, मॅकआयझॅकचे किसॅक झाले. हा ‘क’ रोमन लिपीत सी, के किंवा क्यू यांपैकी कोणत्याही अक्षराने लिहिला गेला. ओलाफ या नॉर्स नावावरून आलेली काउली आणि क्यूली ही आडनावे मुळात एकच, पण एकाची सुरुवात सीने होते तर दुसऱ्याची केने.

सेवेतील ‘मिळतीजुळती नावे’ ही सोय १९१८ साली पेटंट मिळालेल्या साउंडेक्स या उच्चारावरून नावे जुळवण्याच्या पद्धतीवर बेतलेली दिसते. या पद्धतीत पहिले अक्षर कायम ठेवून पुढच्या व्यंजनांना आकडे देतात. म्हणून काउली सी-४०० होते, क्यूली के-४००, आणि एकाच्या शोधात दुसरे कधीच येत नाही. नेमके जे अक्षर बदलते तेच पक्के धरायचे, हा या बेटाच्या बाबतीत उफराटा न्याय झाला. मिलव्होरी कुटुंबे पुढे इंग्रजी वळणाने मॉरिसन झाली, तेथे तर उच्चाराची कोणतीच पद्धत कामाची नाही.

बेटावर विवाहितेचे माहेरचे आडनाव पुसले जात नसे. दफनाच्या वहीत किंवा मृत्युपत्रात ‘अ‍ॅन केली उर्फ क्वेल’ अशी नोंद दिसते, त्यात क्वेल हे माहेर. छायाचित्रात ही दोन्ही आडनावे स्वच्छ वाचता येतात, मात्र सूचीत एकच उतरवलेले असते, आणि ते सासरचे की माहेरचे याला काही धरबंध नाही. पैसे घेणाऱ्या सेवेत हे खपवून घेण्यासारखे नाही.

आडनावाचा रकाना रिकामा ठेवून पॅरिश, पहिले नाव आणि साधारण साल एवढ्यावरच शोधल्यास निकाल पुष्कळ येतात, चाळायला वेळ लागतो, पण माणूस सापडतो. फॅमिलीसर्च आणि मॅन्क्स नॅशनल हेरिटेजचे आयम्युझियम ही संकेतस्थळे आधी पाहावीत, आणि त्यानंतरही या सेवेची गरज वाटलीच तर एका महिन्याची वर्गणी पुरेशी आहे. वर्षाची भरू नये.