हिरवी वायर बॉक्सपर्यंत आली होती, पण जोडलीच नव्हती

गेल्या वर्षी आईच्या घराचं वायरिंग नव्यानं करून घेतलं. वायरमन ओळखीतून आलेला. "मटेरियलचं माझ्यावर सोडा, मला दुकानात स्वस्त पडतं," म्हणाला आणि आम्ही सोडलं. बिल कच्चं, हातानं लिहिलेलं. हॉलमध्ये चांगल्या कंपनीच्या वायरचे रिकामे खोके रचलेले दिसायचे, त्यावरच आमचं समाधान. पाइपातून प्रत्यक्षात काय ओढलं, ते कुणी उभं राहून पाहिलं नाही.

पावसाळ्यात वॉशिंग मशीनला हात लागला की आईला झिणझिण्या यायला लागल्या. त्याला फोन केला तर म्हणे, "काकूंचे हात ओले असतील." आईनं ते खरं मानलं आणि दोन महिने स्वतःलाच बोल लावत राहिली. गेलेल्या पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आहे.

मग गिझरच्या बोर्डातून जळका वास आला. दुसऱ्या, परवाना असलेल्या वायरमनला बोलावलं. त्यानं मेन बंद करून प्लेट काढली. लोखंडी बॉक्समध्ये वायरी कोंबलेल्या, जोड नुसता पिळून वर टेप गुंडाळलेली, तीही वितळलेली. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतो. बिलात त्यासाठी 4 स्क्वेअर एमएमची वायर लावलेली, भिंतीत निघाली 1 ची. तीही तांब्याची नाही. ब्लेडनं तार खरवडली तर वरचा तांबूस मुलामा गेला आणि आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. ते स्क्रूखाली हळूहळू सैल पडतं आणि जोड तापायला लागतो.

अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक बॉक्समध्ये आणलेली होती, पण टोक दुमडून मागे दडवलेलं. सॉकेटच्या वरच्या मोठ्या पिनला काहीच जोडलेलं नाही. सातही बोर्डांत हेच. मशीनच्या पत्र्यात उतरणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती, तो आईच्या अंगातून जात होता.

बेडरूममध्ये बटणावर फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रल (परतीची वायर) घेतलेला. बटण बंद केलं तरी एलईडी मंद पेटत राहायचा, आम्ही बल्ब बदलत बसलो. होल्डर मात्र सतत जिवंत होता.

काम चालू असेल तर प्लेटा बसण्याआधी प्रत्येक बॉक्सचा फोटो काढा. वायर स्वतः पक्क्या बिलावर आणा, आयएसआय खुणेखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या सरकारी मानक संस्थेच्या अ‍ॅपवर तपासा. 2.5 स्क्वेअर एमएमच्या 90 मीटरच्या बंडलात नुसतं तांबंच साधारण 2 किलो भरतं, त्यामुळे हलकं बंडल उचलताच कळतं. शेवटचे पैसे देण्याआधी वायरमनला प्रत्येक सॉकेटवर फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब) धरायला लावा. लॅम्प पेटायला हवा, किंवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा मेनजवळचा स्विच) असेल तर ती पडायला हवी. दोन्हीपैकी काहीच झालं नाही तर अर्थिंग नाही.

आता सगळं बदलून झालंय. आई मात्र अजूनही मशीनला हात लावण्याआधी पायात रबरी चप्पल घालते.