नेच्याचे ठिपके आणि दोन बाटल्या

श्रावणात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एक 'झाडांचा डॉक्टर' घरोघर फिरत होता. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पंप, तोंडात साखर. "काकू, कुंड्या बघून देतो, पैसे नाही घेत." पैसे नाही म्हटल्यावर मी दार उघडलं.

खिडकीतल्या क्रोटनला पिठ्या ढेकूण लागलाय हे मला ठाऊक होतं. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके, खालच्या पानांवर चिकटा आणि त्या चिकट्यासाठी मुंग्यांची रांग. तेवढंच दाखवून तो गेला असता तर एक वेळ ठीक. पण त्याने हॉलमधला नेचा, म्हणजे फर्न, उचलला, पान उलटं केलं आणि मोबाईलला भिंग लावून माझ्यासमोर धरलं. "खवले कीड. आठ दिवसांत घरभर होईल." तपकिरी ठिपके खरंच होते. माझ्या पोटात गोळा आला. सासूबाईंनी लावलेला नेचा तो.

मग क्रोटन बाल्कनीत नेऊन त्याने औषधाचा जोरात फवारा मारला. पुंजके क्षणात साफ! "शंभर टक्के ऑरगॅनिक, कडुनिंब आणि गोमूत्र." बाटली साडेसहाशेला, दोन घेतल्या तर बाराशे. मी दोन घेतल्या. रोख दिले. बिल म्हणे व्हॉट्सअ‍ॅपवर येणार होतं.

बाराव्या दिवशी पुंजके पुन्हा हजर. फवाऱ्याच्या जोराने वरवरचे किडे गळले होते, इतकंच. नळाच्या पाण्यानेही गळले असते. बेचक्यातली अंडी कापसाआड सुखरूप होती. मी आपली रोज फवारत राहिले, तेही पावसामुळे खिडक्या लावून. डोकं धरायचं, घसा खवखवायचा. वास रॉकेलसारखा होता. कडुनिंबाच्या तेलाचा उग्र वास लहानपणापासून ओळखीचा, तरी मला शंका येऊ नये!

गौरी-गणपतीला निफाडहून दीर आले. त्यांची द्राक्षबाग आहे, मिलीबगशी, म्हणजे पिठ्या ढेकणाशी, त्यांची जुनी दुश्मनी. त्यांनी बाटली हुंगली, हिरवा स्टिकर नखाने सोलला. खाली अर्धवट खरवडलेलं दुसरंच लेबल निघालं. त्यावर कोनावर उभा केलेला चौकोन, खालचा अर्धा भाग पिवळा.

"वहिनी, हे घरात मारलंत?"

कीटकनाशकाच्या डब्यावर हा चौकोन असतोच. खालचा त्रिकोण लाल असेल तर सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा सगळ्यात सौम्य. १९६८च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे औषधाला नोंदणी क्रमांक लागतो, विकणाऱ्याला परवाना लागतो. माझ्या हिरव्या स्टिकरवर तुळशीचं चित्र होतं, बाकी काही नाही.

मग भाऊजींनी नेच्याचं पान उलटलं आणि हसायलाच लागले. ते ठिपके म्हणजे नेच्याच्या बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके. नेच्याला फुलं-बिया नसतात, त्याचा वंश या बीजाणूंवर चालतो. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना शिवणीच्या टाक्यांसारखे ओळीने बसलेले. खवले कीड अशी शिस्तीत बसत नाही; देठावर, शिरांवर जागा मिळेल तिथे चिकटते आणि नखाने उचकटली की टवका निघावा तशी अख्खी सुटते. म्हणजे मी धडधाकट नेच्यावर विष मारत होते.

क्रोटनसाठी मेडिकलमधून स्पिरिट आणलं. कानकोरणीच्या कापसाने एकेक पुंजका टिपला, बेचकी पुसली. नंतर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, असं आठवड्यातून एकदा संध्याकाळी फवारलं. दीड महिना लागला.

त्या माणसाचा नंबर बंद आहे. कृषी विभागाकडे तक्रार करा, असं भाऊजी म्हणाले. पण बिल नाही, नाव नाही. ओळखपत्र गळ्यात होतं, ते मी वाचलंच नव्हतं. दोन्ही बाटल्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात बंद आहेत. मोरीत ओतायची हिंमत होत नाही आणि घंटागाडीत टाकल्या तर कचरा निवडणाऱ्या बाईंच्या हाती लागतील.