तीन लोगो, तीन डिझायनर: आधी रेघ बघा, मग किस्से

नायकेच्या स्वूशचा, म्हणजे बुटावरच्या त्या बाकदार खुणेचा, विषय निघाला की बोलणं तिच्या 35 डॉलर मजुरीवर येऊन थांबतं. सिटी बँकेच्या लोगोचा निघाला की तो ज्यावर रेखाटला त्या कागदी नॅपकिनवर. किस्से खरे आहेत, पण त्यांच्या नादात हे लोगो करणाऱ्या बायकांनी नेमकं काय काढलं, ते बघायचंच राहून जातं. म्हणून इथे परीक्षण फक्त कामाचं.

स्वूश 1971 चा. कॅरोलिन डेव्हिडसन तेव्हा पोर्टलंड स्टेट विद्यापीठात शिकत होत्या. ताशी 2 डॉलर, साडेसतरा तास. मागणी दिसायला साधी, करायला कठीण: बुटाच्या बाजूवर बसेल असा पट्टा हवा, त्यात वेग दिसावा आणि आदिदासचे तीन पट्टे आठवता कामा नयेत. त्यांनी बुटाच्या चित्रावर पातळ कागद ठेवून रेखाटनं केली, आणि माझ्या मते सगळं यश या पद्धतीत आहे. कोऱ्या कागदावर छान दिसणारा आकार बुटाच्या वळणावर गेला की फुगतो किंवा आखडतो. हा आकार बुटाच्या मापातच घडला. पोट चवड्याकडे, शेपूट निमुळती होत टाचेकडे. एका बुटावर सरळ, दुसऱ्यावर आरशातल्यासारखा उलटा, तरी ओळख जात नाही. अक्षराला ही मुभा नसते.

उणीव एकच, शेपटीचं टोक. भरतकामात भरीव टाका साधारण 1 मिलिमीटरपेक्षा अरुंद झाला की सुईची भोकं एकमेकांना भिडतात, कापड चिरतं किंवा टोकाला दोऱ्याची गाठ बसल्यासारखी दिसते. छोट्या आकारात टोक जरा आधी थांबवावं, नाहीतर शेवटचा भाग धावदोऱ्याने काढावा. 1978 पर्यंत नाव या आकारावरच लिहिलेलं असायचं आणि दोन्ही एकमेकांना झाकायचे. पुढे नाव ठसठशीत अक्षरांत वर गेलं. 1995 पासून स्वूश एकटाच उभा राहू लागला, आणि तो एकटाच जास्त चांगला दिसतो. मजुरी फारच कमी होती, यात शंका नाही. 1983 मध्ये कंपनीने डेव्हिडसन यांना शेअर दिले.

सिटीचं काम 1998 मधलं, पॉला शेर यांचं. सिटिकॉर्प हा बँकसमूह आणि ट्रॅव्हलर्स ही विमा कंपनी एकत्र आले होते आणि ट्रॅव्हलर्सची खूण होती लाल छत्री. छत्रीचं चित्र नावाशेजारी चिकटवणं सोपं होतं. शेर यांनी ती अक्षरांतच शोधली: ‘टी’चा खाली वळलेला आकडा म्हणजे छत्रीची मूठ, आणि दोन ‘आय’वरच्या टिंबांच्या जागी एकच कमान. पहिल्याच बैठकीत नॅपकिनवर उतरलेलं हे रेखाटन झटपट वाटतं, पण त्यामागे अक्षरं वाचायची वर्षानुवर्षांची सवय आहे. काळ्या-पांढऱ्या छपाईतही छत्री दिसते, कारण ती रंगावर नाही, आकारावर उभी आहे. जपायचं ते कमान आणि ‘टी’च्या डोक्यामधलं अंतर. लोगो फार लहान केला की ती फट आधी बुजते. 2007 मध्ये ट्रॅव्हलर्सने आपली छत्री परत विकत घेतली, पण सिटीची कमान जागेवर राहिली. दुसऱ्या कंपनीची खूण काढून घेतल्यावरही जो लोगो अपुरा वाटत नाही, त्याला माझे पूर्ण गुण.

रूथ केदार यांनी केलेला गूगलचा लोगो 1999 पासून 2015 पर्यंत वेगवेगळ्या डागडुजीसह चालला. कॅटुल या टाइपफेसची (अक्षरांच्या घडणीची) जाड-बारीक वळणं, मूळ तीन रंग आणि ‘एल’ला मुद्दाम दिलेला हिरवा. शिस्त लावून ती एकाच अक्षरात मोडण्याची ही युक्ती मला फार आवडते. मोठ्या पडद्यावर लोगो देखणा दिसायचा. फोनच्या छोट्या पडद्यावर मात्र अक्षरांच्या बारीक रेघा आणि टोकं पुसट व्हायची. 2015 च्या साध्या, एकसारख्या जाडीच्या अक्षरांमुळे छोट्या वापरासाठीची फाइल सुमारे 14,000 बाइटवरून 305 बाइटवर आली. बदल योग्यच होता. नव्या लोगोतही ‘ई’ची आडवी रेघ तिरकीच आहे, केदार यांच्या लोगोत होती तशी.