लिंकनची सही आणि एक पुठ्ठा

आमच्या दिवाणखान्यात दोन वर्षं अब्राहम लिंकनची सही टांगलेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी ती कौतुकाने दाखवायचो. ती लिंकनची नव्हती. कागद मात्र अस्सल होता. १८६२ सालचा, शाई तेव्हाची, शिक्का अमेरिकन सरकारचा. खोटा होता तो फक्त कागदाभोवतीचा पुठ्ठा.

आम्ही शिकागोजवळ राहतो. स्प्रिंगफील्डला लिंकनचं घर बघून आलो आणि जुन्या सह्या जमवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. पुढच्याच उन्हाळ्यात जुन्या वस्तूंच्या एका जत्रेत हा कागद दिसला. सरकारी जमिनीचं पेटंट, म्हणजे तिकडची सनदच म्हणा. १८५५ च्या कायद्याने जुन्या सैनिकांना १६० एकर जमिनीचा हक्क मिळायचा, त्यातली ही आयोवामधली जमीन. छापील मजकूर, मोकळ्या जागा हाताने भरलेल्या, कोपऱ्यात ठसा उमटवलेला शिक्का आणि खाली झोकदार अक्षरात ‘अब्राहम लिंकन’. विक्रेता बोलायला गोड. रोख दिलेत तर कमी करतो म्हणाला, आणि २,४०० डॉलर मी मोजले. सोबत प्रमाणपत्रही मिळालं. फ्रेम उघडलीत तर हमी रद्द, हे त्याने दोनदा बजावलं. हवेने शाई खराब होते म्हणे!

मागच्या वर्षी बाबा पुण्याहून आले. निवृत्तीनंतर ते मोडी शिकलेत, त्यामुळे जुना कागद दिसला की आधी चष्मा शोधतात. फ्रेमजवळ बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “काय रे, नावाच्या खाली हे काय डोकावतंय?” पुठ्ठ्याच्या कडेला शाईचे तीन-चार बारीक ठिपके होते. मी ते शिंतोडे समजत होतो. बाबा म्हणाले, “शिंतोडे असे एका रेषेत पडतात होय? ही अक्षरांची डोकी आहेत. उघड ती फ्रेम.”

मी हमीचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी निमूटपणे स्क्रूड्रायव्हर आणला.

पुठ्ठा उचलला आणि खालची ओळ समोर आली: ‘डब्ल्यू. ओ. स्टॉडर्ड, सेक्रेटरी, यांच्या हस्ते’. अक्षर तेच, शाई तीच, वळणसुद्धा तेच. लिंकनचं नाव या स्टॉडर्डनेच लिहिलं होतं आणि खाली प्रामाणिकपणे तसं नोंदवलंही होतं. त्या बिचाऱ्याने कुणाला फसवलं नव्हतं. फसवलं ते पुठ्ठ्याची खिडकी एक बोट वर कापणाऱ्याने.

“आपल्याकडे तरी वेगळं काय होतं?” बाबा म्हणाले. “पत्र बाळाजी आवजी लिहायचे, शिक्का महाराजांचा. अक्षरावरून महाराजांचा हात कोण ठरवतं?”

मग मी वाचायला बसलो. हे आधी करायला हवं होतं. राष्ट्राध्यक्षांनी जमिनीच्या पेटंटांवर स्वतः सह्या करण्याची पद्धत अँड्र्यू जॅक्सनच्या काळापर्यंत होती. सहीवाचून हजारो कागद तुंबले, म्हणून २ मार्च १८३३ च्या कायद्याने त्या कामासाठी वेगळा सेक्रेटरी नेमायची मुभा मिळाली. त्यानंतरच्या पेटंटवर नाव व्हॅन ब्यूरनचं असो, ब्युकॅननचं असो की लिंकनचं, लिहिणारा हात सेक्रेटरीचा. एवढी एक तारीख ठाऊक असती तर माझे पैसे वाचले असते. शिवाय अमेरिकेच्या जमीन खात्याने जुन्या पेटंटांच्या नोंदी इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. राज्य आणि जमीन मिळालेल्या माणसाचं नाव टाकलं की पान उघडतं. माझं पान दहा मिनिटांत सापडलं, आणि त्यावर लिंकनच्या नावाखाली स्टॉडर्डचं नाव स्वच्छ होतं.

विक्रेत्याला फोन केला. तो जराही गडबडला नाही. “प्रमाणपत्र वाचलंत का?” म्हणाला. वाचलं. ‘लिंकनच्या कारकिर्दीतला अस्सल सरकारी दस्तऐवज’. सही हा शब्दच नाही. पावतीवरही ‘लिंकन लँड पेटंट, फ्रेमसह’. सही लिंकनची असल्याचं तो तोंडाने म्हणाला होता का, हेही मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही. बहुधा मीच म्हणालो असेन आणि तो नुसता हसला असेल.

या नादाला लागलेल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. लिंकन पत्रांवर बहुतेक वेळा ‘ए. लिंकन’ एवढंच लिहायचा. पूर्ण नाव यायचं ते नेमणुकीच्या सनदांसारख्या सरकारी कागदांवर. तेव्हा खासगी पत्राखाली ऐटदार पूर्ण नाव दिसलं तर जरा थांबा. आणि युद्धात मुलगे गमावलेल्या मिसेस बिक्स्बींना लिंकनच्या नावाने गेलेलं २१ नोव्हेंबर १८६४ चं सांत्वनाचं पत्र कुणी ‘आजोबांच्या ट्रंकेत मिळालं’ म्हणून दाखवलं तर चहा प्या आणि घरी या. मूळ पत्र आजवर सापडलेलं नाही. त्याच्या छापील नकला मात्र १८९१ पासून विकल्या जात आहेत.

माझा कागद पुन्हा भिंतीवर लावला आहे. पुठ्ठा नवा, खिडकी मोठी, स्टॉडर्डसकट. बायको त्याला ‘चोवीसशेचा सेक्रेटरी’ म्हणते.

यंदाच्या जूनमध्ये पुन्हा त्या जत्रेत गेलो. गृहस्थ जागेवरच होता. टेबलावर ब्युकॅननचं नाव असलेलं पेटंट, तसलीच फ्रेम, तसलाच साय-रंगाचा पुठ्ठा. मी वाकून पाहिलं. या वेळी खिडकी आणखी थोडी वर कापली होती. ठिपके दिसत नव्हते.